मोरी, बाराशे दहा

मापवही क्रमांक सतरा, पान एकतीस.
देपालपूर फाटा ते उमरियाखेडी,
दोन किलोमीटर सहाशे चाळीस मीटर.
मुरूम, गिट्टी, दबाई, डांबर,
एवढेच रकाने छापलेले असतात.

त्याआधी तिथे रस्ता नव्हता असं म्हणता येणार नाही.
होता. माळव्याची काळी माती.
वैशाखात सायकलचं चाक अडकेल अशा भेगा,
भाद्रपदात तीच माती
पायातली चप्पल मागून घ्यायची
आणि परत करायची नाही.
शाळेच्या बाई फाट्यावरच्या पानवाल्याकडे सँडल ठेवून
पुढे अनवाणी जायच्या.
गॅसची टाकी यायची बैलगाडीतून,
गोधडीत गुंडाळलेली, नव्या नवरीसारखी.

मी रामबागेतून स्कूटरवर यायचो.
पहिल्याच दिवशी भेरूलाल आंजनांनी बैल थांबवले,
म्हणाले, दुर्बिणीतून बघू द्या.
बघितलं. सगळं उलटं दिसतंय की.
म्हटलं, जुनं यंत्र आहे, उलटंच दाखवतं,
आम्हाला सवय असते.
ते काही बोलले नाहीत.
त्यांचं ते न बोलणं
मला राजवाड्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

मोरी मी बाराशे दहावर धरली होती.
ते चालत गेले, बावीस पावलं पुढे,
बाभळीपाशी काठी रोवली.
"साब, पाणी याँ से जाय."
मी नकाशा उलगडला.
"पाणी कागद नी बाँचे, साब."
मजूर हसले,
सुगनबाई तर पदरात तोंड घालून जरा जास्तच.
मी मोरी बाराशे दहावरच बांधली.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत.
दुसऱ्या वर्षी, हरतालिकेच्या रात्री,
रस्ता फुटला तो बाभळीपाशी.
ट्रॉली जाईल एवढं खिंडार.
माझी मोरी कोरडी ठणठणीत.
आत एका कुत्रीने चार पिल्लं घातलेली,
चारी सुखरूप.

खिंडाराच्या काठावर भेरूलाल बसले होते.
म्हटलं, आता ऐकवतील.
त्यांनी विचारलं, चहा घेणार?
बशीत चहा ओतता ओतता एवढंच मागितलं,
या खेपेला डांबर पार काठापर्यंत नेऊ नका.
एका कडेला गाडीपुरती माती राहू द्या.
डांबरावर खूर सरकतात,
हिरा दोनदा गुडघ्यांवर आला,
आणि मे महिन्यात तर तवाच तो.
मी विचारलं, गावात जोड्या उरल्या किती?
तीन, म्हणाले.
मग जरा थांबून, अडीच.
गेंदालालचा एक बैल आता नुसता उभा असतो.

अडीच जोड्यांसाठी
मी साईडपट्टी एक मीटरने वाढवली.
मोरी नवी घातली, बावीस पावलं पुढे.
मीटरमध्ये ती सोळा भरली,
भेरूलाल उंचीने बेताचेच.
कारणाच्या रकान्यात लिहिलं,
'स्थानिक माहितीनुसार'.
वही कार्यपालन यंत्रींकडून परत आली,
लाल शाईत दोन प्रश्न घेऊन :
माहिती कोणाकडून? हुद्दा?

नाव मी लगेच लिहिलं.
हुद्द्यापाशी पेन उचललं ते उचललंच.
शेतकरी लिहावं तर ते अर्धंच,
गाडीवान लिहावं तर तेही.
साठ वर्षं एका उताराकडे बघत आलेल्या माणसाला
खात्यात पद नाही.
ती जागा रिकामी ठेवूनच बिल मंजूर झालं,
कसं ते मला विचारू नका.

आता शाळेच्या बाई सँडल घालून वर्गात शिरतात,
टाकीवाला गावाबाहेरूनच हॉर्न वाजवतो.
मातीच्या पट्टीवर चाकोरी एकच उरली आहे,
दोन्हीकडून गवत तिला विचारत असतं.

बाराशे दहाची मोरी पाडायला निधी नव्हता.
ती आहे तशीच आहे, नकाशातही आहे.
तिच्यातून अजून थेंबभर पाणी गेलेलं नाही.
कुत्री मात्र दर साली तिथेच येते.